वाटणीचं औषध

भारतीने इन्क्युबेटरचं दार उघडलं, काचेची बशी उजेडाकडे धरली आणि "अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

बशीत जंतूंचा हिरवट थर पसरला होता. त्यावर तिने आदल्या दिवशी औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडलं, की चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल कडं उमटतं. इथे एकाही चकतीभोवती कडं नव्हतं. जेंटामायसिनला नाही, सिप्रोला नाही, पुण्याहून मुद्दाम मागवलेल्या नव्या चकतीलाही नाही. मेले खुशाल चकत्यांना खेटून वाढले होते. तशा बशा तिने काही पहिल्यांदा पाहिल्या नव्हत्या. नगरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचं आणि कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंवर संशोधन करायचं, हेच तर तिचं काम. पण या बशीच्या झाकणावर तिने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं होतं: सहादू साळवे. ते तिचे वडील.

सहादू पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की बायकोला, लंकाबाईला, घेऊन टोळीबरोबर निघायचा, नेवाशाकडच्या फडात राहायला पाचटाची कोपी टाकायचा आणि कारखाना बंद होईस्तोवर ऊस तोडायचा. लेक वसतिगृहात राहून शिकली, प्राध्यापक झाली, केडगावात तिने घर केलं. पण ह्या बाबाचा कोयता काही सुटला नाही. भारती रागावली की म्हणायचा, "बसून खाल्लेलं माझ्या आंगी लागत न्हाई, पोरी."

यंदा पाचटावरून पाय सटकला आणि कोयता नडगीत बसला. कोयत्याची जखम त्याला काय नवी होती? टोळीची रीतही ठरलेली. मुकादमाकडून लाल-काळ्या कॅप्सूलची पट्टी आणायची, एक फोडून तिची पूड जखमेत भरायची, एक गिळायची आणि उरलेल्या, ज्याला ताप त्याला, ज्याची दाढ ठणकते त्याला देऊन टाकायच्या. भाकरी वाटून, तंबाखू वाटून, तशी गोळीही वाटून. एकट्याने आख्खी पट्टी संपवली, तर माणूस हावरट ठरायचा. अशा अर्ध्यामुर्ध्या औषधाने कच्चे जंतू तेवढे मरतात, चिवट मागे राहतात आणि त्यांचंच बेणं वाढतं, हे भारती वर्गात आकृत्या काढून शिकवायची. घरात सांगून सांगून तर तिच्या तोंडाला फेस आला होता. पण जोर करून बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? ती तान्ही असताना तापाने फणफणली होती, तेव्हा टोळीतल्या छबूबाईने स्वतःच्या तापाची गोळी तिला उगाळून पाजली होती. आई ते अजून सांगायची आणि दर वेळी तिचे डोळे भरून यायचे.

सहादूची जखम चिघळली, हिरवा पू धरला. तरी हा लंगडत मोळ्या वाहतोय! शेवटी भारतीचा धाकटा भाऊ सम्राट फडावर गेला आणि बापाला जीपमध्ये घालून नगरच्या दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वर कापला. ताप हटला नाही. जंतू रक्तात उतरले होते.

भारतीने चकत्यांचा निकाल सांगितला, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "मॅडम, आता तुम्हीच सांगा, देऊ काय?"

भारती काय सांगणार, कपाळ? पण तिच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये एक बारकी बाटली होती, आणि दिवसभर तिच्या डोक्यातून ती बाटली हलेना.

बाटलीत बेडकाच्या कातडीतून काढलेलं औषध होतं. बेडूक घाण पाण्यात राहतो, अंगावर ओरखडे निघतात, तरी सहसा सडत नाही. कारण त्याच्या कातडीतून प्रथिनांचे अगदी बारके तुकडे पाझरतात. शास्त्रात त्यांना पेप्टाइड म्हणतात. नेहमीची औषधं जंतूचं कामकाज बिघडवतात. हे थेट त्याच्या सालीलाच भोकं पाडतात. आणि या कामाला लागणारे बेडूक कोण आणून द्यायचं? सहादूच. पावसाळ्यात फड बंद असले की हा ओढ्याच्या चिखलात उतरायचा. गावातले टिंगल करायचे, "सहादू, पोरगी म्याडम झाली आन् तू बेडकं धरीत हिंडतो व्हय रं?" "हिंडतो! तुमच्या नातवंडांना औषिद लागंल तवा माझ्याच दारात याल!" असा ठसक्यात जबाब. एकदा एसटीत पोत्याचं तोंड सुटलं आणि सगळी गाडी सीटवर उभी राहिली. कंडक्टरने याला मधल्याच फाट्यावर उतरवलं. तिथून तो पोतं खांद्यावर टाकून चालत आला आणि लेकीच्या दारात हसत सुटला.

भारतीने बापाच्या जंतूवर त्या बाटलीतला थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी बशीत कडं होतं. स्वच्छ, गोल! तिने ते खिडकीत नेऊन पाहिलं, दिव्याखाली पाहिलं. एवढी मोठी बाई, पण तिला रडूच फुटलं.

मग तिने डोळे पुसले आणि राहिलेली परीक्षा केली. हे औषध रक्तात जाणार, तर रक्ताचं काय होतं ते बघायला हवं. वॉर्डातून बापाचं रक्त आणलं, नळीत औषधाबरोबर ठेवलं. सगळं ठीक असेल तर रक्तपेशी तळाशी बसतात आणि वर निवळ पाणी राहतं. तिने नळी उचलली. तळाशी काहीच नव्हतं. वरपासून खालपर्यंत सगळं पाणी लालभडक. जंतूंसारख्याच रक्तपेशीही फुटल्या होत्या. औषध पातळ करून पाहिलं. इतकं पातळ, की रक्त वाचलं. पण मग जंतूही वाचले.

तरीसुद्धा दवाखान्यात जाताना तिने बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये घालून बरोबर घेतली. कशाला घेतली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सम्राट व्हरांड्यात वाटच बघत होता. "ताई, कडं पडलं म्हनं! मंग आता उशीर कशाला?"

"रक्त फुटतंय रे त्यानं. आबांचंच रक्त घेऊन बघितलं. शिरेतून सोडलं तर माणूस लगेच जाईल."

"आन् न्हाई सोडलं तर?"

भारतीने थर्मास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तसा बी जातोच हाय ना त्यो? मंग देऊन तरी बघ! का नुसती बेडकं फाडायलाच शिकलीस एवढी?"

शब्द जिव्हारी लागला. खोटा असता तर तिने उलट सुनावलं असतं. पण हाच विचार रात्रंदिवस तिला खात होता. डॉक्टरांना विचारलं तर ते नाहीच म्हणणार. पण सलाइनच्या नळीत एक सुई टोचायला कितीसा वेळ लागतो?

ती आत गेली. खाटेच्या पायथ्याशी चादर एका बाजूला सपाट पडली होती. लंकाबाई नवऱ्याच्या कपाळावर ओलं फडकं धरून बसली होती. सहादूने डोळे उघडले.

"भारते... आलीस? झालं का आपलं बेडकाचं औषिद?"

सम्राट पाठोपाठ आला होता. व्हय म्हण, असं त्याचं तोंड सांगत होतं. भारती जन्मात बापाशी खोटं बोलली नव्हती असं नाही. वसतिगृहात उपाशी राहून, पोटभर जेवले असं ती पुष्कळदा बोलली होती. पण हे तिला बोलवेना.

"न्हाई झालं, आबा. जंतू मरतोय, पन रगत बी फुटतंय. कच्चं हाय अजून."

सम्राटने भिंतीकडे तोंड फिरवलं. सहादूने कपाळावरचं फडकं हाताने बाजूला सारलं.

"कच्चं हाय तर ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पर फेकू नगंस. माझ्या वाटनीचं बाजूला ठिव. लागंल कुनाला तरी."

मग त्याने बायकोकडे मान वळवली. "छबूबाईची नात तापली हुती. तिला दिल्त्या मी राहिलेल्या गोळ्या. उतरला का गं ताप?"

"उतरला की. खेळतीय," लंकाबाई म्हणाली. नवरा दवाखान्यात आल्यापासून ती त्याच्या उशापासून हलली नव्हती, फडावरची खबर तिला कुठून कळणार? पण सहादूला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. थर्मासमधल्या बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं.

सहादूच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. सम्राट सगळ्यांशी बोलला, बहिणीशी बोलला नाही. पुढे लंकाबाई केडगावला लेकीकडे राहायला आली. एका रविवारी घरात एकटीला करमेना, म्हणून भारतीबरोबर कॉलेजात गेली आणि प्रयोगशाळेत स्टुलावर बसली. भारतीने इन्क्युबेटर उघडला. पिकून उतरलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास खोलीभर पसरला.

लंकाबाई ताडकन उठली. "ह्यो त्याच पट्टीचा वास! तुझ्या बाच्या पायाच्या पट्टीचा!"

"व्हय आई. त्योच जंतू हाय."

"मेला न्हाई अजून?"

"मीच जित्ता ठेवलाय." भारतीने बशी उजेडाकडे धरली. "जुन्या बशीतलं खाणं संपलं की नव्या बशीत घालते. औषध जरा बदलायचं आन् ह्याच्यावर टाकून बघायचं, परत बदलायचं, परत बघायचं. ह्योच मेला तर मला कळणार कसं, औषध झालं का न्हाई ते?"

आता आई रडणार, नाहीतर शिव्या देणार, अशी भारतीची खात्री होती. लंकाबाई त्या हिरव्या बशीकडे टक लावून बघत राहिली.

"माजा मानूस गेला, आन् ह्याला तू खाऊ घालतीस," ती म्हणाली. मग बशीजवळ सरकून, "घाल. उपाशी नगं मारू. तुझ्या बाच्या वाटनीचं औषिद मंग कुनावर बघशील?"

भारतीने तारेचं टोक ज्योतीवर लाल केलं, निवू दिलं आणि जुन्या बशीतला थर उचलून नव्या बशीत रेघा ओढल्या. झाकणावर नाव लिहिलं: सहादू साळवे. लंकाबाईने पदर नाकाला लावला होता, पण काम संपेपर्यंत ती लेकीच्या शेजारून हलली नाही.