मिनाच्या पायाखालची मखमल

मी मखमल. अंगावर लव थोडीच उरलीय, म्हणून आधी नाव सांगते. नाहीतर तुम्ही मला फडकं समजाल.

फार जुन्या काळी, दूरच्या एका मागावर माझा जन्म झाला. विणकर रेशमाच्या धाग्यांखाली बारीक तार घालायचा आणि तिच्यावरून पातं फिरवायचा. कापलेले धागे उभे राहायचे. तीच माझी लव. दिवसभर खपावं तेव्हा बोटभर कापड व्हायचं. पुढे मीठ वाहणाऱ्या बैलांच्या तांड्याबरोबर मी हिंगोलीकडे आले आणि बैलाची झूल झाले.

मला पाहिलं की माणूस एकदा सुलटा हात फिरवतो, मग उलटा. रंग गडद, मग फिकट. म्हातारं असो की लेकरू, सगळे हेच करतात.

बंजारा तांड्याची लेक सासरी निघताना बैलावर उभी राहून हवेली, म्हणजे पाठवणीचं गाणं, गाते, रडत रडत निरोप घेते. माझ्या मालकिणीने, निर्मलाबाईने, माझ्यावर उभं राहूनच हवेली गायली. मग तिच्या आईने मला तिच्याबरोबर धाडलं, पुढे तिला होणाऱ्या लेकीसाठी.

आज त्या लेकीची, मिनाची, हवेली गायची वेळ. पण घरचे बैल विकून ट्रॅक्टर आलाय.

"याडी, ट्रॅक्टरवरच उभी करू हिला," मिनाचा भाऊ दिपक हसला.

"ट्रॅक्टर रडल का रं तुह्या बहिणीसंगं?" आईने झापलं. शेजारच्या तांड्यातून बैल मागवला.

काल मात्र दिपकच्या बायकोने, सुनिताने, मायेपोटी मला पावडरच्या पाण्यात बुडवून ब्रशने घासलं. पाणी लाल झालं. तिला वाटलं, मळ निघून राहिला. तो माझा रंग होता, माझी लव होती. मी किती ओरडले! कापडाचं कोण ऐकतं?

निर्मलाबाईने मला उन्हात धरलं, तर पलीकडचं अंगण दिसलं.

"याडी, म्या न्हाई पाय ठेवणार," मिना म्हणाली. "फाटल ती."

"फाटू दे. माह्या मायचा हात फिरलाय हिच्यावर. पेटीत कुजण्यापरीस बरं." निर्मलाबाईने मला खांद्यावर टाकलं.

आता बैल दारात आहे. मला त्याच्या पाठीवर टाकलंय. निर्मलाबाईने हात फिरवला. सुलटा, मग उलटा. रंग बदललाच नाही.

मिना चढतेय. पोरी, हळू गं. माझे धागे कसेबसे एकमेकांना धरून आहेत. जास्त मागत नाही. तुझी हवेली संपेपर्यंत तेवढं पाऊल हलकं ठेव.