ओ काका, लिहून घ्या

"पान सापडले नाही म्हणे! नाही कसं सापडत?" मी ओरडले. ओरडले बाबांवर, कारण कंप्युटरवर ओरडून उपयोग नव्हता.

आईचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्याचा पडदा सुटत चालला होता आणि उशीर झाला तर तोही हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण ती आज दुपारपर्यंत दवाखान्याच्या साइटवर जाऊन पक्की करायची होती. नाहीतर ती दुसऱ्या पेशंटला जाणार. जन्मभर लोकांचे कपडे शिवणारी माझी आई समोरचा कप चाचपून शोधत होती, आणि माझ्यासमोर स्क्रीनवर एक रडवेलं कुत्रं 'पान सापडले नाही' अशी पाटी घेऊन बसलं होतं. ज्याने ते चित्र काढलं, तो भेटला असता तर त्याची खैर नव्हती.

परगावच्या दादाला फोन लावला. कंप्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज आहे.

"ब्राउझरमधला जुना कचरा साफ कर," तो म्हणाला.

केला. त्यात माझे सगळे पासवर्ड गेले, कुत्रं तिथेच. दुसरा ब्राउझर उघडला, मोबाइलवरून पाहिलं, पत्त्याची शेपटी छाटून पाहिली. शेपटी छाटल्यावर मुख्य पान उघडलं, त्यावर हसरे डॉक्टर होते आणि तारखेचा मागमूस नव्हता. दवाखान्याचा फोन एकसारखा व्यस्त.

"तुम्हीच पत्ता चुकीचा लिहून घेतलात," मी बाबांना म्हणाले.

"अगं, दवाखान्यातला माणूस फोनवर सांगत होता तसा अक्षर न् अक्षर उतरवला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की माझा राग आणखीच भडकला.

शेवटी दोघांना रिक्षात कोंबलं आणि दवाखाना गाठला, तोवर दुपार उलटली होती. नोंदणीच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्याच्या खुर्चीशेजारच्या खुंटीवर त्याचा काळा कोट लटकत होता.

"तुमचं पान उघडत नाही," मी म्हणाले.

"आमचं उघडतं. तुमचंच नेट गंडलं असेल," तो मान वर न करता म्हणाला. "पत्ता सांगतो, नीट टाका. ई, वाय, ई. ओ मॅडम, इकडे लक्ष द्या, मग आडवी रेघ..."

"बघ!" बाबा एकदम म्हणाले. "ओ म्हणाला की नाही?"

मी मोबाइलकडे पाहिलं. ई, वाय, ई, ओ. फोनवर हा बाबांना म्हणाला असणार, 'ई, वाय, ई, ओ काका, मग रेघ.' काका म्हणजे आपण, हे बाबांना कळलं, म्हणून काका त्यांनी सोडला. ओ मात्र इमानेइतबारे लिहून घेतला. आणि मी बाबांना सकाळपासून फाडून खात होते.

मी तो ओ खोडला. पान झटकन उघडलं. त्यावर लिहिलं होतं: मुदत संपली, तारीख रद्द.

"वेळेत करायचं ना," कारकून म्हणाला. "आता पुढच्या महिन्यात बघा."

माझं डोकं फिरलं, पण सकाळपासून सगळा दारूगोळा घरातच उडवून बसले होते.

तेवढ्यात आई पुढे झाली. आमची आई कधी कुणाला अरे म्हणाली नाही. तिने खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली.

"पुढच्या महिन्यात मला काय दिसणार आहे?" ती म्हणाली. "तुमचं ते पान हरवलं, सापडलं, मला काही कळत नाही. मी हरवलेली नाही. मी इथे उभी आहे. मला लिहून घ्या. लाज वाटू द्या जरा! माणूस समोर उभा असताना तुम्ही मान वर करत नाही?"

तिचं बोट कारकुनावर रोखलेलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात ती त्या खुंटीवरच्या कोटाला झापत होती.

बाबांनी तिच्या खांद्याला धरून वळवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मलाही तिला सांगवेना.

कारकुनाने आता मान वर केली होती. त्याने आईकडे पाहिलं, मग कोटाकडे. तो खुर्चीतून उठला, दोन पावलं बाजूला सरकला आणि कोटाच्या पुढ्यात, तिच्या बोटासमोर जाऊन उभा राहिला.

"बोला," तो म्हणाला. "ऐकतोय."

"तारीख द्या," आई म्हणाली.

तो तिथूनच हात लांबवून फोन ओढायला लागला. वायर पुरत नव्हती, तरी जागचा हलला नाही.