धाकूची गोळी आणि गाऱ्हाणं

चारकोपच्या धाकू परबाला एचआयव्ही होऊन वीस वर्षं उलटली होती, पण विषाणू त्याच्यासारखाच आळशी निघाला. गोळीशिवाय ठणठणीत असलेला हा पेशंट डॉक्टर शिकाऊ पोरांना कौतुकाने दाखवायचे. गोळ्या सुरू करा, असंही दर वेळी सांगायचे. तेवढं धाकूला ऐकू यायचं नाही.

यंदा रक्तातल्या लढाऊ पेशी बऱ्याच घटल्या. गोळी आली की आपण चारचौघांसारखे पेशंट होणार, हे धाकूला सोसवेना.

"देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय गोळी नाही," त्याने बायकोला, शेवंतीला बजावलं. गाऱ्हाणं घालणारा गावचा मानकरी, गावकार, मालवणात आणि गावी जाणं मे महिन्यात, म्हणजे तोवर निश्चिंती.

शेवंतीने देवापुढे नारळ ठेवून स्वतःच सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्येंचे पेशी कमी झाले, माज तसोच आसा!"

"होय म्हाराजा!" लहानपणापासूनच्या सवयीने धाकूने साथ दिली.

"ह्येंका रोज गोळी घेवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

बोलून गेल्यावर धाकूने जीभ चावली. शेवंतीने गोळी आणि पाणी पुढे केलं. देवासमोर दिलेला होकार मोडायची त्याची छाती नव्हती. त्याने गोळी गिळली.

"आता डॉक्टर पोरांना काय दाखवणार गं?"

"माका दाखवूक सांगा," म्हणत तिने नारळ फोडला.