राजाचा फोटो

एकोडीच्या नाटक मंडळात टेकचंद वीस वर्षं राजा होता. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, रात्रीच्या नाटकात त्याची एन्ट्री झाली की शिट्ट्या पडायच्या. सहा फूट उंची, ताठ छाती, आवाज असा की माईक नुसता शोभेला. असा माणूस राजा नाही तर काय पहारेकरी होणार?

मग कमरेतली नस दबली आणि नागपूरला ऑपरेशन झालं. पाय सुधारले, पण पुढच्या चार वर्षांत गडी हळूहळू पुढे झुकत गेला. एका मंडईत भर दरबारात मुकुट घसरून प्रधानाच्या पायाशी पडला. प्रधानाने उचलून दिला, तो पुन्हा पडला. लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी मंडळाचा डायरेक्टर जागेश्वर घरी आला.

"टेकचंदभाऊ, पुढच्या साली तुमी राजाचे बाबा व्हा. बसूनच रोल हाये."

टेकचंदला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. राजेपण गेलं तर आपल्यात उरतं काय? त्याने पट्टा बांधला, सहा महिने नेमाने व्यायाम केले. फरक पडेना. शेवटी नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "उभ्याने पूर्ण पाठीचा फोटो काढू. कणा किती झुकलाय ते बघून ऑपरेशनचं ठरवू."

आपल्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात, तिथे घोटाळा झाला. फोटोत वाकून उभा राहील तो टेकचंद कसला! "सरळ उभे राहा," असं ऐकताच त्याने लांब गाऊनच्या आत गुडघे वाकवले, छाती मागे नेली, हनुवटी उचलली. मांड्या लटलट कापत होत्या, पण चेहरा सिंहासनावर बसला होता.

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "तोल तर बरा दिसतोय. मोठ्या ऑपरेशनची गरज नाही."

टेकचंदचं तोंड एवढंसं झालं. त्याची बायको कौशल्याबाई मात्र त्याच्याकडे रोखून बघत होती.

"काहो, फोटोत कसे उभे रायले होते?"

"कसा म्हणजे? फोटोत रायतेत तसा!"

तिने कपाळावर हात मारला. "साहेब, हा फोटो ह्यायचा नाई, राजाचा हाये. ह्यायचे गुडघे सरळ करा, मंग पाहा."

डॉक्टरांनी उठून गुडघे सरळ करायला लावले. राजा पुढे कलला तो थेट डॉक्टरांचे बूट बघायला लागला. डॉक्टरांना हसू आवरेना.

दुसऱ्या फोटोत खरं काय ते दिसलं. पहिल्या ऑपरेशनात नस मोकळी करताना मणक्याचं मागचं हाड काढावं लागलं होतं. तिथला आधार कमी झाला आणि कणा वाकत गेला. आता हाडाची पाचर कापून, सळ्या आणि स्क्रू बसवून तो सरळ करायचा होता.

"पण कंबर पुन्हा वाकणार नाही," डॉक्टर म्हणाले. "शेतात धानाची रोवणी बंद. खाली वाकून काही उचलायचं नाही."

"राजाले वाकाचं काय काम?" टेकचंद म्हणाला. ऑपरेशनच्या सकाळी मात्र त्याने कौशल्याबाईचा हात सोडला नाही. शेवटी नर्सने सोडवला.

वर्ष सव्वा वर्ष गेलं. मंडई आली, मुकुट चढला आणि जागचा हलला नाही. पण राजा गुरूच्या पाया पडतो, हा प्रवेश सगळेच विसरले होते. जागेश्वरच गुरू होता. तो पाय पुढे करून उभा राहिला. विंगेतून कोणीतरी कुजबुजलं, "वाका, वाका!"

टेकचंदला घाम फुटला. मग तो गरजला, "गुरुदेव, हा राजा वाकणार नाही! आपणच पाय वर करावा!"

मांडव हसून हसून आडवा झाला. जागेश्वरने एका पायावर उभं राहून दुसरा खरंच वर केला.

नाटक संपल्यावर कौशल्याबाई स्टेजवर आली आणि सवयीने खाली बसून त्याच्या पायातल्या मोजड्या काढायला लागली. वर्षभर त्याच्या पायात चपला तीच घालत होती, तीच काढत होती. ती उठताना कमरेला हात लावून उठली, ते टेकचंदने बघितलं. त्याने मुकुट काढून तिच्या डोक्यावर ठेवला आणि समोरच्या मोबाइलवाल्या पोरींना फोटो काढायला हाक मारली.

"अवो, हे काय करून रायले? लोक पाहून रायले ना!"

"पाहू दे. सरळ उभी राय," टेकचंद म्हणाला. "हा खराखुरा फोटो हाये."