चौकटीचा डावा खांब

“आधी सोड्याच्या पाण्याने घासून घे गं ती दाराची चौकट. हातांचं तेल मुरलंय तिच्यात, ते रंगाला जुमानायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या होत्या. सुनेने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. बाळाची खोली तिला पांढरीशुभ्र हवी होती. जुन्या तपकिरी पॉलिशवर नुसतं फडकं फिरवून तिने वरून रंग चढवला.

घाई होतीच. सासूबाईंची नजर अधू झालेली, पाय लटपटणारे. एखाद दिवशी बाळावरच कोसळल्या तर? या धास्तीपायी त्यांना थोरल्या दिरांकडे पाठवायचं तिने नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं. रविवारी दीर न्यायला येणार होते. नवरा तिला चिडवायचा, की बाळ झोपलं तरी तू त्याच्या श्वासावर पहारा देत बसतेस. ती म्हणायची, मग दुसरं आहेच कोण?

सकाळी बाळाला कडेवर घेऊन ती दाराशी आली आणि थबकली. डाव्या खांबावर, पांढऱ्या रंगातून तळव्याएवढे तपकिरी डाग वर आले होते. एकाखाली एक, जणू पायऱ्याच. सर्वांत वरचा तिच्या खांद्याशी, फिकट. सर्वांत खालचा कमरेच्या जरा वर, गडद, बोटांसकट.

“आई, हे डाग कसले?”

सासूबाई चाचपडत आल्या. त्यांचा हात सवयीने खांबावर गेला आणि नेमका खालच्या डागावर टेकला.

“माझेच असणार. तुझा नवरा तान्हा होता तेव्हापासून इथंच उभी राहते मी. श्वास चाललाय ना, एवढं ऐकायचं नि परत फिरायचं. पाठ वाकत गेली तसा हातही खाली आला.”

“मग आत का नाही येत?”

“पाय घसरला म्हणजे? आत बाळ असतं ना.”

तिने आपला हात वरच्या डागावर ठेवून पाहिला. तळवा चपखल बसला.

रंगाच्या डब्याला झाकण लागलं. दिरांना निरोप गेला, की रविवारी जेवायला या, न्यायला नको. तो खांब तसाच राहिला.

कुणी डागांबद्दल विचारलं, की ती एवढंच सांगते: तुमच्याही घरी असं कुणी असेल. जरा जाऊन बघा, बसल्यात का त्या, की अजून दाराशी उभ्याच आहेत.