चिकटपट्टीखाली सात गप्पा

मी एक जुनी फिल्म आहे, मित्रांनो, आणि पत्र्याच्या डब्यात हळूहळू कुजते आहे. आपली कहाणी सांगायला निवांतपणा लागतो. माझ्याकडे तो नाही, म्हणून धावतपळत सांगते.

मला एका कॅमेरामनने बनवलं. पोटासाठी तो साबणाच्या आणि टायरच्या जाहिराती चित्रित करी. काम आटोपलं की कोऱ्या फिल्मचा एखादा तुकडा उरायचा. मालक तो फेकून देत, हा घरी आणी. अशा उरल्यासुरल्या तुकड्यांवर माझा जन्म झाला. मांडणी कायम एकच: एक टेबल, दोन माणसं, दोन कप कॉफी आणि सिगारेटी. तुकडा तीन मिनिटांचा असेल तर गप्पा तीन मिनिटांच्या. तो संपला की बोलणारा अर्ध्या वाक्यात असो नाहीतर अर्ध्या घोटात, गप्पा तिथेच तुटत. अशा सात गप्पा जमायला नऊ वर्षं लागली.

एकीत दोन डॉक्टर एकमेकांना सिगारेट सोडायचा सल्ला देतात आणि एकाच काडीवर आपापली पेटवतात. दुसरीत दोन जावा साखर किती घालायची इथून सुरुवात करून थेट सासूपर्यंत पोचतात. लोक पोट धरून हसत. धुराचं कौतुक मात्र मी करणार नाही. पुढे त्यानेच माझ्या कॅमेरामनची छाती पोखरली.

सातव्या वेळी तो स्वतःच बायकोसमोर बसला.

"काय बोलू? मला नाही बाई काही सुचत," ती म्हणते.

"काहीही बोल. चारच मिनिटं आहेत."

"चार मिनिटांत तुमच्याबद्दलच्या निम्म्या तक्रारीसुद्धा व्हायच्या नाहीत. आधी ती सिगारेट विझवा बघू!"

आणि ती हसते. हसता हसता कॉफी सांडते, ती पुसताना आणखी हसते, आणि तिथे मी संपते.

पुढच्याच वर्षी ती गेली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. जिच्यावरून माझी ही प्रत निघाली ती मूळ निगेटिव्ह लॅबमध्येच होती; लॅब बंद पडली तेव्हा तीही भंगारात गेली. त्या बाईचा आवाज आता जगात फक्त माझ्यापाशी आहे.

जाताना कॅमेरामन मुलीला म्हणाला, "पोरी, हिला जप. हवा लागू देऊ नकोस." तिने बापाचा शब्द पाळला. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली, आणि दर वर्षी आईच्या तिथीला वर आणखी एक वेढा दिला. मला लावून पाहिलं तर मी झिजेन, या भीतीने तिने मला कधी पाहिलंही नाही. पण मित्रांनो, जुन्या फिल्ममधून आंबट वाफ सुटते. तिला बाहेर जायला वाट हवी. कोंडली तर ती फिल्मलाच खाते. हे कॅमेरामनला ठाऊक नव्हतं, तर त्याच्या लेकीला कुठून असणार?

मागच्या आठवड्यात तिने फिल्म दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला फोन लावला. डबा तिच्या मांडीवर होता, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"ताई, डबा उघडा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर त्याच दिवशी घेऊन या. नंतर माझ्याही हातात काही राहणार नाही."

माझ्या जिवात जीव आला. तिने सुरी आणली, पट्टीला टेकवली. मग तिचा हात थांबला.

"बाबांनी सांगितलंय, हवा लागू द्यायची नाही," ती स्वतःशीच पुटपुटली.

सुरी बाजूला ठेवून तिने झाकणालाच नाक लावलं आणि वरूनच वास घेतला. इतक्या वेढ्यांतून कसला वास येणार? मी आत जीव तोडून ओरडत होते, पण प्रोजेक्टरच्या उजेडाशिवाय मला आवाज नाही.

"काही वास नाही हो," ती फोनवर आनंदाने म्हणाली. "आई ठीक आहे माझी." आणि नवीन पट्टी काढून तिने आणखी एक वेढा दिला.

मित्रांनो, तुमच्या कपाटातही कोणाचा आवाज, कोणाचं हसू ठेवलेलं असेल. त्याला जपा, पण कोंडू नका. बाहेर काढा, वारा दाखवा, लावून ऐका. आणि ती मुलगी कुठे भेटली तर हात जोडून सांगा, पट्टी काप. माझ्या पहिल्या सहा गप्पा एकमेकींना चिकटल्या आहेत. आईचं हसू माझ्या रिळाच्या अगदी आतल्या वेढ्यात आहे, वाफ अजून तिथवर पोचलेली नाही. तिला सांगा, आज उघडलंस तर आई ऐकू येईल. पुढच्या तिथीला उघडलंस तर नुसता वास येईल.