डिझेलचं नाक

घणाचा तिसरा घाव बसला आणि ताईने अकरा आठवडे घडवलेली नळी मधोमध दुभंगली. तिचा एकेक बाक ताईने कागदावर कोन मोजून काढला होता, मग कापला होता, मग जोडला होता. चौथ्या घावाला एक तुकडा उडून भिंतीवर टांगलेल्या पान्यांवर आपटला आणि पाच-सहा पाने खणखणत तिच्या पायाशी पडले.

"बुटक्या, घण खाली ठेव."

घरात सगळ्यांत उंच तिचा हा भाऊच होता. शाळेत बरेच दिवस पहिल्या रांगेत उभा राहायचा, तेव्हा पडलेलं नाव उंची वाढली तरी चिकटून राहिलं होतं.

"ठेवतो. एवढं संपलं की ठेवतो."

त्याने पाचव्यांदा घण उचलला. ताईने खाली वाकून हाताला लागला तो पाना उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. ओल्या गोणीवर काठी मारावी तसा आवाज झाला. घण पडला. भावाने वळून तिचा डावा हात धरला आणि शेगड्याच्या लोखंडी कडेवर आपटला. शेगडा म्हणजे कामाच्या टेबलावरची पकड. तिचे जबडे उघडे होते. कळ येण्याआधी ताईला आवाज ऐकू आले. दोन वेगवेगळे, एकामागून एक. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

"तुमच्या बापाने गॅरेज बांधलं होतं की आखाडा?" दारातून मामा ओरडला. गॅरेजात उभा असलेला खाणीचा ट्रक गुडघे गेले तोवर त्यानेच चालवला होता. आता तो फक्त बोलायला येई. "सोड तिला! हात सोड आधी!"

भावाने हात सोडला. त्याचा श्वास फुलला होता.

"तुझ्या कामाच्या भरवशावर मी गाडीत बसलो होतो," तो म्हणाला. "पुन्हा नाही बसणार."

तीन दिवसांपूर्वी खाणीच्या चढावर, तिसऱ्या वळणाला, दगडांनी भरलेल्या गाडीत ती नळी तडकली होती. इंजिनात हवा कोंबणारे दोन टर्बो तिने जुन्या गाड्यांमधून काढून त्या नळीने जोडून बसवले होते, चढाच्या पायथ्याला लहान आणि वेग आला की मोठा. नळी तडकताच दोन्ही लुळे पडले. गाडी थांबली, ओल्या खडीवर ब्रेक धरेनात, आणि ती उलटी घसरत गेली. मागचं चाक दरीच्या तोंडाशी एका दगडाला अडलं. ताईने नंतर ते अंतर मोजलं होतं. अठरा मीटर. भाऊ घरी आला तेव्हा म्हणाला, काही नाही, जरा मागे गेली. पण त्याच्या शर्टावर सुकलेली ओकारी होती, आणि तो शर्ट त्याने स्वतः धुतला.

"माझा जोड तुटलेला नाही," ताई म्हणाली. "नळीच आतून भेगाळलेली होती. भंगारातली होती. नवी आणली तर—"

"तर तू पुन्हा बांधशील आणि मी पुन्हा उलटा जाईन." त्याने भिंतीशी ठेवलेल्या मोठ्या खोक्याकडे बोट केलं. "हे ज्यांनी बनवलंय त्यांनी असे हजार बनवलेत. दोन्ही टर्बो, नळ्या, पट्ट्या, शेवटच्या नटापर्यंत सगळं आत आहे. याला हात लावलास ना, तर उरलेली आठ बोटंही मोडीन."

ताईने दोन बोटं एका पट्टीला बांधली आणि चिकटपट्टी दातांनी तोडली.

भावाने एकट्याने चार दिवस काम केलं. खोक्यासोबत आलेलं पुस्तक त्याने बोनेटवर उघडं ठेवलं होतं आणि प्रत्येक ओळ तो पुटपुटत वाची.

"परीक्षेला इतकं वाचलं असतंस तर आज साहेब झाला असतास," मामा म्हणाला.

"मामा, जीभ आवर."

"आवरतो. पण शनिवारी ती भरलेली गाडी वर चढली नाही तर खाणीचं फाटक आपल्याला कायमचं बंद, एवढं सांगून आवरतो. दुसरी गाडी नाही आपल्याकडे. दुसरं गॅरेजही नाही."

शनिवारी सकाळी आठ वाजता ताई विजेरी घेऊन गाडीखाली वाकली. कशाला हात लागू नये म्हणून दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते आणि विजेरी दातांत धरली होती. भावाचं काम नेटकं होतं. एकही नट वाकडा नव्हता. मग उजेड मोठ्या टर्बोच्या खालच्या नळीवर आला आणि थांबला.

टर्बोतून निघालेलं तेल त्या नळीतून आपल्या वजनाने खाली, इंजिनाच्या तळाशी पडायचं असतं. पुस्तकातल्या चित्रात ती नळी सरळ खाली उतरत होती. पण या गाडीला त्या जागी वडिलांनी फार पूर्वी एक ब्रॅकेट जोडलेलं होतं, टाकीला आधार म्हणून. पुस्तकवाल्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. भावाने नळी ब्रॅकेटखालून वळवून पुन्हा वर नेली होती. मध्ये चार बोटं खोल झोल पडला होता. तेल चढ चढत नाही. ते त्या झोलात साठणार, मागे तुंबणार, आणि टर्बोमधून हवेबरोबर इंजिनात शिरणार.

ती सरळ उभी राहिली आणि विजेरी तोंडातून काढली.

"बुटक्या."

"हात लावलास?"

"नाही. पण खाली ती—"

"हात लावायचा नाही, तसं तोंडही लावायचं नाही. कळलं?"

ताईने तोंड मिटलं. ती बांधलेल्या बोटांकडे पाहत राहिली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मग ती मागच्या खोलीत गेली आणि लेथच्या आडून वडिलांची फळी काढून आणली.

हातभर लांब, दोन बोटं जाड, एका अंगाला रबर ठोकलेलं. कुठलंही इंजिन उघडून जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करताना वडील कुणाला तरी ती फळी घेऊन उभं करायचे. डिझेल इंजिन एकदा स्वतःचंच तेल प्यायला लागलं की चावीला जुमानत नाही, फुटेपर्यंत धावतं. मग एकच उपाय, त्याचा श्वास कोंडायचा. "माणसाचं नाक दाबलं की तोंड उघडतं," वडील म्हणायचे, "डिझेलचं नाक दाबलं की तोंड बंद होतं."

अकरा वाजता भाऊ चालकाच्या जागी चढला. टर्बोच्या तोंडावरचा हवेचा फिल्टर त्याने काढून ठेवला होता. पहिला आवाज उघड्या तोंडाने ऐकायचा, एवढी वडिलांची एक सवय त्याच्यात उरली होती.

"ती फळी कशाला? पुस्तकात फळी नाही."

"पुस्तकात तूही नाहीस," मामा म्हणाला.

इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. आवाज गोल होता, कुठे खरखर नाही. भावाने खिडकीतून ताईकडे पाहिलं आणि हसला, लहानपणी सायकल जिंकल्यावर हसला होता तसा. चार मिनिटं गेली. त्याने वेग वाढवला, धरला, सोडला.

आवाज उतरला नाही.

मागून निळसर पांढरा धूर आला. आवाज चढत गेला. भावाने चावी फिरवली, काढली, पुन्हा घालून फिरवली. टेबलावरचे पाने नाचू लागले. छताचा दिवा फुटून काचा बोनेटवर सांडल्या. मामा लंगडत बाहेर पळाला. भावाने उडी मारली. काहीतरी ओरडत होता तो, पण ऐकू येत नव्हतं, आणि तो थेट टर्बोच्या उघड्या तोंडाकडे धावला. आत मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी पातं फिरत होतं. त्याची बाही आत ओढली जाऊ लागली. त्याने तळवा पसरला आणि तोंड बुजवायला हात पुढे नेला.

ताईने फळीची कड पुढे केली आणि असेल नसेल ती ताकद लावून त्याच्या मनगटाच्या वर हाणली.

हाड मोडल्याचा आवाज या वेळी ऐकू आला नाही, हाताला कळला. भाऊ गुडघ्यांवर कोसळला. तिने फळी फिरवली, रबराची बाजू तोंडावर टेकवली आणि छातीने रेटली. हवेने फळी घट्ट ओढून घेतली. मोडकी बोटं खाली चेंगरली, तरी तिने ती काढली नाहीत. गाडी जनावरासारखी थरथरली, दोनदा ठसकली आणि बंद पडली.

धूर निवळला.

"सूड घेतलास होय गं?" दारातून मामाने हळूच विचारलं.

भाऊ आपल्या उजव्या बाहीकडे पाहत होता. कफ नव्हता. मनगटाजवळ कापड कात्रीने कापावं तसं सरळ तुटलं होतं, आणि बटण कुठेच नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "रिक्षा आण."

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला.

"दोन्ही हाडं. कसं झालं?"

"फळी लागली."

"कुणी मारली?"

"गाडीने."

त्यांनी ताईच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. "आणि तुमचं?"

"तीच गाडी," ताई म्हणाली.

"विकून टाका ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि प्लास्टर भिजवायला सांगून आत गेल्या.

दोघं बाकावर बसले. मामा खाणीच्या फाटकावर गेला होता, सोमवारपर्यंतची मुदत मागायला. गुडघे बघून तरी देतील म्हणाला होता. भावाचं पुस्तक ताईच्या मांडीवर होतं. येताना ते कुणी उचललं, तिला आठवत नव्हतं.

"नळीला झोल होता," भाऊ म्हणाला. "ब्रॅकेटखाली."

"हो."

"तू कधी पाहिलास?"

"सकाळी आठला."

त्याने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याचा जबडा आवळला आणि डाव्या हाताची मूठ गुडघ्यावर वळली. ताईने चेहरा बाजूला घेतला नाही.

"आणि फळी कधी काढलीस?"

"आठ वाजून पाच मिनिटांनी."

आतून कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. मूठ तशीच होती.

"मधली पाच मिनिटं?"

ताईने चिकटपट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबलं. ते पुन्हा सुटलं.

"उभी होते," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मूठ उघडली. मग डाव्या हाताने तिच्या मांडीवरचं पुस्तक उघडलं, एकेक पान अवघडून उलटत त्या नळीच्या चित्रापाशी आला, खिशातली पेन्सिल काढली आणि तिच्या उजव्या हातात दिली.

तिने पुस्तक गुडघ्यावर टेकवलं, आणि चित्रात जिथे मोकळी जागा होती तिथे वडिलांचं ब्रॅकेट काढायला सुरुवात केली. पान हलत होतं. त्याने दुसरी कड धरली.